रेडिओ कोणाचा? पोस्टकार्ड टाकणाऱ्याचा!

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गात नेहमी पेन्शन, रिकाम्या जागा, कंत्राटीकरण, ड्यूटीचे तास हे विषय असतात. आज मला रेडिओ, टेलिव्हिजन आणि गाणी या विषयावर बोलायला सांगितले आहे. मघाशी चहाच्या वेळी एका साथीने विचारलेच, "साहेब, गाण्याबजावण्याचा आणि युनियनचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. या देशात लोकांना कोणते गाणे ऐकू द्यायचे यावर एकदा मोठी लढाई झाली. तिच्यात लोकांच्या हातात एकच हत्यार होते, आणि ते म्हणजे पोस्टकार्ड. ते पोस्टकार्ड पेटीतून काढले टपाल कामगाराने, लावले आर.एम.एस.च्या सॉर्टरने आणि मुंबईला पोचवले रेल्वेने. त्या लढाईचा इतिहास आपलाही आहे, पण तो आपल्याला कोणी सांगितलेला नाही.

सुरुवात सरकारी मालकीची

थोडी मागची हकीकत. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्घाटनाला आले होते. कंपनी खाजगी होती. तीन वर्षांच्या आत तिचे दिवाळे निघाले आणि १९३० साली सरकारने रेडिओ आपल्याकडे घेतला. ८ जून १९३६ पासून त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. रेडिओ हे सरकारचे खाते झाले, जसे टपाल आणि तार हे खाते होते.

हे खाते इंग्रजांना किती मोलाचे वाटत होते ते १९४२ मध्ये दिसले. चले जाव आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चोरून 'काँग्रेस रेडिओ' चालवला. २७ ऑगस्टला तो सुरू झाला. जागा बदलत बदलत १२ नोव्हेंबरपर्यंत चालला आणि त्या दिवशी पोलिसांनी छापा घातला. उषाबेन तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. अडीच महिन्यांच्या रेडिओसाठी चार वर्षे तुरुंग! आवाज लोकांच्या हाती गेला तर काय होईल, हे राज्यकर्त्याला बरोबर कळते.

स्वातंत्र्य आले तेव्हा भारताच्या वाट्याला फक्त सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. राज्य बदलले तरी रेडिओ सरकारी खातेच राहिले. घरात रेडिओ ठेवायचा तर लायसन लागे. ते लायसन दरवर्षी पोस्टात जाऊन नवे करून घ्यावे लागे. सत्तरच्या दशकात रेडिओला वर्षाला १५ रुपये आणि टेलिव्हिजनला ५० रुपये फी होती. १९८४ मध्ये ही पद्धत बंद झाली. म्हणजे रेडिओ ऐकणारा माणूस पैसे मोजून ऐकत होता आणि ते पैसे टपालाच्या खिडकीवर आपल्याच साथींकडे जमा होत होते. एवढे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मंत्र्याचा हुकूम आणि सिलोनची लाट

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते मराठी गृहस्थ, शिकलेले आणि शास्त्रीय संगीताचे कळकळीचे चाहते. त्यांच्या बाबतीत न्यायाने बोलले पाहिजे. संस्थाने गेल्यावर गवयांचा आधार तुटला होता. त्यांना आकाशवाणीने काम दिले. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्येच सुरू झाला आणि पुढे आकाशवाणी संगीत संमेलनेही सुरू झाली. बड्या बड्या उस्तादांचे गाणे, जे पूर्वी दरबारात चाले, ते गँगमनच्या झोपडीतही ऐकू येण्याची सोय झाली. हे काम मोठेच आहे.

पण केसकरांना सिनेमाचे गाणे हलके वाटे. त्याने लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. त्यांनी सिनेसंगीताचा वेळ दहा टक्क्यांवर आणला. गाण्याबरोबर सिनेमाचे नाव सांगणे ही जाहिरात आहे, म्हणून ते नाव सांगणेही बंद केले. निर्माते चिडले. त्यांनी आपली गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली.

असा प्रकार पूर्वीही झाला होता. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियम वाजवायला बंदी होती. हे वाद्य परदेशी आहे आणि त्यातून हिंदुस्थानी स्वर नीट निघत नाहीत असे कारण होते. ही बंदी १९७१ पर्यंत चालली. गावोगावच्या भजनी मंडळात पेटी, नाटकात पेटी, तमाशात पेटी, आणि रेडिओवर तेवढी पेटी नको! लोकांसाठी काय चांगले ते वर बसलेल्याने ठरवायचे आणि लोकांना विचारायचे नाही, ही ती रीत. आपल्याकडेही ड्यूटीचे रोस्टर एखादा साहेब एअरकंडिशन खोलीत बसून ठरवतो आणि त्याने गाडीवर एक रात्रही काढलेली नसते. रीत तीच आहे.

लोकांनी काय केले? मोर्चा काढला नाही, निवेदन दिले नाही. त्यांनी रेडिओची सुई फिरवली.

सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याच्या करमणुकीसाठी एक जबरदस्त शॉर्टवेव्ह प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारकडे आला. आवाज सगळ्या हिंदुस्थानात पोचत होता, पण तेवढे यंत्र चालवायचे तर पैसा हवा. म्हणून रेडिओ सिलोनने व्यापारी विभाग काढला, भारतातील कंपन्यांच्या जाहिराती घेतल्या आणि भारतातीलच सिनेमाची गाणी लावली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, टेप विमानाने कोलंबोला जात आणि तिथून लहरींवर बसून परत आपल्याकडे येत. आपली गाणी, आपले निवेदक, आपले श्रोते, आणि भाडे मात्र सिलोनला! त्या काळात गमतीने सांगत की दहा घरांपैकी नऊ घरांत रेडिओ सिलोन लागलेला असतो आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला असतो.

बुधवारची रात्र आणि ६५ हजार पत्रे

३ डिसेंबर १९५२, बुधवार. त्या रात्री रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट. निवेदक होते अमीन सयानी, वय वर्षे एकोणीस. त्यांचे थोरले बंधू हमीद सयानी या धंद्यात आधीपासून होते. पण हा कार्यक्रम अमीनभाईंकडे का आला ते ऐका. लिहायचे, बोलायचे, कार्यक्रम बसवायचा आणि आलेली पत्रेही तपासायची, एवढ्या सगळ्या कामाचे आठवड्याला पंचवीस रुपये मिळणार होते. अनुभवी माणसे तयार होईनात, म्हणून काम नवख्या पोराच्या गळ्यात पडले. हे त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितले आहे. कमी पगारात चार माणसांचे काम, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

कार्यक्रमाची योजना साधी होती. सात गाणी लावायची, श्रोत्यांनी त्यांचा लोकप्रियतेचा क्रम लावून पाठवायचा आणि क्रम जुळला तर बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. हळूहळू आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. इथे बसलेल्या सॉर्टिंगच्या साथींनी हिशोब करावा. आठवड्याला पासष्ट हजार म्हणजे रोजची नऊ हजारांवर पत्रे, एका कार्यक्रमाच्या नावाने, एकाच शहरात. शेवटी पत्रे तपासणेच अशक्य झाले आणि कार्यक्रमाचे रूप बदलावे लागले. १९५४ पासून चढत्या क्रमाने गाणी लावण्याची पद्धत आली. रेकॉर्डच्या दुकानांतून खपाची माहिती घ्यायची, गावोगावच्या श्रोता संघांचे कौल घ्यायचे आणि त्यावरून कोणते गाणे कोणत्या पायरीवर ते ठरवायचे. सगळ्या देशाला ऐकू गेलेला 'पायदान' हा शब्द असा आला.

ही पत्रे लिहिणारे कोण होते? झुमरी तलैया हे नाव तुम्ही ऐकले असेल. पुष्कळांना वाटते की हे गाव कोणीतरी विनोदासाठी बनवले आहे. गाव खरे आहे. पूर्वीच्या बिहारमध्ये, आताच्या झारखंडमध्ये, कोडरमा स्टेशनजवळ आहे. अभ्रकाच्या खाणींचा तो मुलूख. तिथल्या लोकांनी फर्माइशीची इतकी पत्रे पाठवली की गावाचे नाव देशभर झाले. कोडरमाहून मुंबईचा लोहमार्ग पाहा : गया, मुगलसराय, अलाहाबाद, जबलपूर, इटारसी, भुसावळ. या एकेका स्टेशनावर थैल्या चढवणारे, उतरवणारे, मेल व्हॅनमध्ये हलत्या दिव्याखाली पत्रे लावणारे हात होते. निवेदकाने 'झुमरी तलैया से' म्हणून चार नावे वाचली, त्यामागे या हातांचे कष्ट होते. त्यांची नावे कोणी वाचली नाहीत.

आणि श्रोत्याला त्यातून काय मिळत होते? ज्या माणसाचे नाव मस्टर सोडून कुठेच लिहिले जात नाही, त्याचे नाव सगळ्या देशाला ऐकू जात होते. एका पोस्टकार्डाच्या पैशात! मराठीत मुंबई केंद्राच्या 'आपली आवड'ने हेच केले. तिथे 'कामगार सभा' नावाचा कार्यक्रमही होता. पाळीवर जाणाऱ्या माणसासाठी सरकारी रेडिओने मुद्दाम वेळ राखून ठेवला होता.

सरकार कसे वळले

सिलोनचा पगडा पाहून आपल्या सरकारला वळावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली. नाव दिले कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी. सिनेमाची गाणी, फर्माइशी, सैनिकांसाठी 'जयमाला', असे सगळे तिच्यात आले. मंत्री केसकरच होते. म्हणजे माणूस बदलला नाही, पण लोकांच्या दबावाने धोरण बदलले. चळवळीत आपण याला यश म्हणतो.

सरकारी रेडिओला लोकांचे गाणे करता येत नव्हते असेही नाही. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाली. १ एप्रिल १९५५ पासून तिने 'गीतरामायण' दिले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे, कल्पना आकाशवाणीच्या सीताकांत लाडांची. दर आठवड्याला एक नवे गाणे, अशी वर्षभरात छप्पन्न गाणी. जाहिरात नाही, टूथपेस्ट नाही, आणि तरीही घराघरांत लोक वेळ धरून रेडिओपुढे बसत. लोकांना चांगले नको असते हे म्हणणे खोटे आहे. लोकांना विचारून, त्यांच्या भाषेत दिले तर ते डोक्यावर घेतात.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर भाषण एकांगी होईल. सिलोन काही लोकांचा रेडिओ नव्हता. तो टूथपेस्ट आणि साबणवाल्यांच्या पैशावर चालत होता. सरकारने दार लावले म्हणून लोक दुकानदाराच्या ओट्यावर जाऊन बसले. सार्वजनिक सेवा लोकांना उपयोगी पडेनाशी झाली की लोक खाजगीकडे जातात, आणि मग 'पाहा, सरकारी सेवा कोणाला नको आहे' असे सांगायला तेच साहेब मोकळे होतात. पार्सलच्या धंद्यात हे आपण पाहिले आहे. कुरिअरवाल्यांनी काय केले ते टपालच्या साथींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. पुढे १९८९ मध्ये खुद्द गीतमाला विविध भारतीवर आली. सिलोनला गेलेले गाणे घरी आले, पण त्याला सदतीस वर्षे लागली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत वारले, तेव्हा ते ९१ वर्षांचे होते.

बटण कोणाच्या हाती

आता आपल्या घरची गोष्ट. ८ मे ते २७ मे १९७४, वीस दिवस रेल्वेचा संप झाला. बोनस, आठ तासांची ड्यूटी, महागाई भत्ता, कॅज्युअल कामगारांना कायम करणे, या मागण्या होत्या. जॉर्ज फर्नांडिसांना तर संपापूर्वीच, २ मे रोजी अटक झाली. हजारो कामगार तुरुंगात गेले आणि क्वार्टरमधून कुटुंबे बाहेर काढली गेली. त्या वीस दिवसांत रेडिओच्या बातम्यांत सरकारचीच बाजू होती. आपल्यापैकी बहुतेक जण तेव्हा शाळेत होते किंवा जन्मलेही नव्हते. पण ज्यांनी तो संप केला त्या जुन्या साथींकडून आपण हेच ऐकत आलो की रेडिओ सांगे 'गाड्या सुरळीत' आणि यार्डात चाक हलत नसे. लायसनची फी भरणाऱ्या संपकऱ्याला त्याच रेडिओवर आपली बाजू मांडायला एक मिनिट मिळाले नाही.

वर्षभरात आणीबाणी आली आणि हेच हत्यार सगळ्या देशावर चालले. किशोर कुमार यांनी सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमांना सहकार्य नाकारले, म्हणून मे १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. शहा आयोगाने हे प्रकरण नोंदवून ठेवले आहे. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी 'बॉबी' हा गाजलेला सिनेमा लावला. लोक तरीही आले आणि मैदान भरले. १९५२ साली गाणे नको म्हणून बंदी आणि १९७७ साली सभा नको म्हणून सिनेमा! दोन्ही वेळी लोकांनी आपल्या मनाचे केले.

पुढे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला. हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती ना सरकारच्या मक्तेदारीची, ना पैसेवाल्याच्या. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती अस्तित्वात आली. कागदावर लढाई जिंकली. प्रत्यक्षात काय झाले? २००१ पासून खाजगी एफएम केंद्रे आली, पण स्वतःच्या बातम्या द्यायला त्यांना मनाई ठेवली. गाणी आणि जाहिराती पाहिजे तेवढ्या द्या, लोकांचे प्रश्न मात्र बोलू नका!

पोस्टकार्डानंतर

टेलिव्हिजनवरही पोस्टकार्डाने एकदा विक्रम केला. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर 'सुरभि' होती. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे ती सादर करत. तिच्या प्रश्नांना एका आठवड्यात चौदा लाखांवर पत्रे आली. पंधरा पैशांच्या कार्डावर एवढा भार पडला की टपाल खात्याला स्पर्धेसाठी दोन रुपयांचे वेगळे कार्ड काढावे लागले. त्यानंतर आला मोबाइलचा संदेश. २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत 'इंडियन आयडॉल' झाला तो लोकांनी पाठवलेल्या मतांवर. पण त्या प्रत्येक मताला साध्या संदेशापेक्षा जास्त दर पडे आणि तो पैसा कंपन्यांकडे जाई. आता तर मत मागतही नाहीत. कोणी काय किती वेळ ऐकले ते यंत्रच मोजते आणि त्यावरून पुढचे गाणे लावते. श्रोता मोजला जातो, पण त्याचे नाव कोणी घेत नाही आणि त्याला उत्तरही कोणी देत नाही.

साथींनो, मी जुन्या काळाचे गोडवे गायला उभा नाही. पोस्टकार्डाचे दिवस परत येणार नाहीत. पण त्यातला धडा घेण्यासारखा आहे. एकटा श्रोता काहीच नव्हता. गावोगावचे श्रोता संघ आणि पासष्ट हजार कार्डे एकत्र आली तेव्हा कार्यक्रम बदलला. सुई एकदम सगळ्यांनी फिरवली तेव्हा मंत्री वळला.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, आपल्या प्रत्येक शाखेने जवळच्या आकाशवाणी केंद्राला लेखी मागणी पाठवावी की कामगारांसाठी वेळ राखून ठेवा आणि त्यात कामगारालाच बोलू द्या. इटारसी, बिलासपूर, सिकंदराबाद, हुबळी इथल्या मराठी साथींनी तिथल्या केंद्राकडे तिथल्या भाषेत मागणी करावी, कारण शेजारचा कामगारही ऐकणार आहे. दुसरी, आकाशवाणी केंद्रांवर वर्षानुवर्षे कॅज्युअल म्हणून राबणारे उद्घोषक आहेत. महिन्यातून मोजक्या ड्यूट्या आणि तेवढ्याचेच पैसे. कॅज्युअलचे दुःख रेल्वे कामगाराला सांगावे लागत नाही. त्यांच्या लढ्याला आपण पाठिंब्याचे ठराव द्यावेत. तिसरी, सार्वजनिक रेडिओ, सार्वजनिक टपाल आणि सार्वजनिक रेल्वे यांच्यावरचे संकट एकच आहे हे ओळखून आपल्या मागण्यांच्या सनदेत तिन्हींचा उल्लेख करावा. ही तिन्ही खाती एका थैलीने जोडलेली होती, तिला उचलणारे हात आपले होते.

मागणीचे पत्र उद्याच लिहा. आणि एका सहीने पाठवू नका, शाखेतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!